विरह, रो-रोने

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट जाता येतं, त्यामुळे अलिबागेकडे निघालेल्या विरहाला डिकीचीही सोय झाली. डेकवर चार भग्नहृदयं हमखास उभी असतात. कानात प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’, नजर क्षितिजावर, हातात वेफर्सचं पाकीट. २०१८ सालचं हे गाणं पुढच्याच वर्षी बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत गेलं. म्हणजे भरल्या घरच्या माणसालाही परवडावं असं हे दुःख.

गंमत पाहा, कुहाड जयपूरचा, ‘बारिशें’वाला अनुव जैन लुधियानाचा. समुद्र नसलेल्या गावांनी पुरवलेल्या विरहावर रडायला आपण काशीदला येतो! ही इंडी गाणी भिडतात मात्र खरी. एक गिटार, रात्री दोनला फोनवर बोलावं तसा हलका आवाज, आणि भांडण कशावरून झालं त्याचा पत्ता नाही. रिकाम्या खोलीत जो तो आपली खाट टाकतो.

चित्रपटाबाहेरचं ते इंडी, ही व्याख्या धरली तर पाडगावकरांचं ‘भातुकलीच्या खेळामधली’ आमचं इंडीच. यशवंत देवांची चाल, अरुण दात्यांचा आवाज. ज्यांचं कधी जमलंच नव्हतं तेही मोडल्यासारखे हळहळायचे.

परवा रेवदंड्याला असाच एक हेडफोनवाला डोळे मिटून उभा होता. कोळीणमावशींनी त्याला हलवून सांगितलं, रडायचं तर जरा पलीकडे सरक, खाली बोंबील वाळत घातलेत.