दोन करेक्शन फुकट

दीपनगरात राहणाऱ्याला मर्यादा म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. इथल्या औष्णिक केंद्रातले 500 मेगावॅटचे दोन संच ज्या ग्रीडला वीज देतात, तिची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये ठेवावी, असा नियम आहे. एवढ्याशा पट्टीत अख्खा देश बसतो; माझ्याकडे लग्नपत्रिका करायला आलेलं एक कुटुंब बसत नाही.

मी घरी बसून डिझाइन करतो. पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, केळीच्या खोक्यांवरचे लोगो. ग्राहकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : "भाऊ, तुमच्या हिशोबाने करा." हे कानावर पडलं की ओळखावं, आता आपल्या हिशोबानं काहीही होणार नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रूफ थेट भावकीच्या ग्रुपवर जातं. नवरदेवाला रंग फिका वाटतो, आत्याला गणपती लहान वाटतो आणि नाशिकच्या काकांना आपलं नाव धाकट्या भावाच्या खाली दिसतं. ते वर घ्यावं, तर सुरतचे मामा खाली सरकतात. मामा रुसले की निरोप येतो, "तुम्हीच जरा समजावा ना त्यांना." केळीवाल्या शेठची तक्रार निराळी : "केळं थोडं सरळ करा, वाकडं बरं दिसत नाही."

शेवटी नियम केला : दोन करेक्शन फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येकी शंभर रुपये. झालं उलटंच. ज्यांना काहीच बदलायचं नव्हतं, तेही आपल्या हक्काची दोन करेक्शनं शोधू लागले. फुकटचं वाया कोण घालवणार? एकानं तर विचारलं, "आमचं एक उरलंय, ते मेहुण्याच्या फ्लेक्सला चालेल का?"

आता नियम वेगळा आहे. निम्मे पैसे आधी. करेक्शनं हवी तितकी सांगा. पण सांगणारा माणूस एकच, सगळी एकदम आणि लिहून. तेव्हापासून करेक्शनं आटलीच. लिहून द्यायचं तर आधी घरात एकमत हवं, एकमतासाठी काकांशी बोलायला हवं, आणि काकांशी बोलण्यापेक्षा पत्रिका आहे तशीच झकास दिसते.

तेव्हा घरबसल्या हा धंदा करणाऱ्यांनो, करेक्शनं मोजत बसू नका, सांगणारी तोंडं मोजा. आपण पैसे घेतो ते डिझाइनचे. भावकीत समेट घडवण्याचा दर अजून कुणालाच परवडलेला नाही.