बिनचहाचा पाहुणा

दाराची बेल वाजली की आई आतून विचारते, "चोर आले का रे?"

चूक तिची नाही. टोकियोत निशी-कासाईला आमच्या दारी जे दोन गोरे पोरगे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करायला येतात, ते स्वतःची ओळख आडनावापुढं 'चोरो' लावून करून देतात. चोरो म्हणजे वडीलधारा; इंग्रजीत एल्डर. हे वडीलधारे असतात एकोणीस वर्षांचे. हनुवटीवर मुरुमं, अंगात पांढरा शर्ट, छातीवर काळा बिल्ला. सायकलवर टाय फडफडू नये म्हणून त्याचं टोक शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलेलं. पहिल्या दिवशी आईनं पर्स उशीखाली ठेवली होती.

मराठीच्या पूर्वजांनी द्विवचन टाकून दिलं, ही घाईच झाली. एल्डर एकवचनात नसतोच. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. एकाचे केस कापायचे असले की दुसरा शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसतो. एकाची सायकल पंक्चर झाली की दोघंही चालत येतात. जोडीदार निवडता येत नाही, देशही निवडता येत नाही. पत्र येतं, त्यात लिहिलेलं असतं तिथं दोन वर्षं जायचं. पगार नाही, उलट साठवलेले आणि घरचे पैसे घालायचे. हे मी आईला सांगितलं, तर म्हणाली, "मग? वारीला जाणाऱ्याला कोण पगार देतं?"

त्या दिवसापासून ते चोर तिची पोरं झाले.

आमचा त्यातला धाकटा आयडाहोचा, बटाट्याच्या मुलखातला. युटातल्या प्रोव्होच्या केंद्रात काही आठवडे जपानी घोकून थेट टोकियोत उतरला. इथली माणसं नको म्हणायचं असलं की "केक्को देस" म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'छान आहे'. शेजारच्या काकू, म्हणजे ओबासान, हसून केक्को देस म्हणाल्या, तर हा गडी बूट काढायला खाली वाकला. वर पाहतो तो दार बंद. दुसऱ्यांदा त्यानं त्याच ओबासानना देवाचं गाजरावर किती प्रेम आहे ते सांगितलं. माणूस म्हणजे निनगेन, गाजर म्हणजे निनजिन. घामाघूम झालेल्या जिभेनं फरक तरी किती ठेवायचा! आमचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि पुढं त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं; पण पहिल्या पावसाळ्यात साष्टीतल्या कुणा म्हातारीला तेही काय बोलून बसले असतील, देव जाणे. १९०१ साली जपानात आलेल्या पहिल्या चार मॉर्मनांतला आल्मा टेलर असाच एकोणीस वर्षांचा होता आणि १९०९ साली त्यानं मॉर्मनांच्या ग्रंथाचं जपानी भाषांतर छापून आणलं. आमच्या गाजरवाल्याला हे ठाऊक आहे. त्यावरच तो तग धरून असावा.

पाहुणा म्हणून मात्र एल्डर फार अवघड. चहा चालत नाही, कॉफी चालत नाही. "अर्धा कप?" नाही. "दूध जास्त घालून?" नाही. चहाला नको म्हणणाऱ्या माणसाचं पुढं काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बायकोनं कोकम सरबत दिलं; थोरल्यानं ते औषध घ्यावं तसं एका दमात संपवलं, म्हणून तिनं आणखी ओतलं. शेवटी सातूचा थंडगार मुगिचा सापडला. नावात चा असला तरी त्यात चहाची पत्ती नाही.

चर्चेत त्यांची गाठ आईशी पडते. वाद घालणाऱ्याची तयारी ते करून आलेले असतात. आई वादच घालत नाही. देव बापासारखा आहे? "आमचा तर आईसारखाही आहे." मेल्यावर घरचे सगळे भेटतात? "भेटू देत बाई." मी जपानी करून सांगतो, ते मान डोलावतात आणि पुढं काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मला दिलेलं पुस्तक ज्ञानेश्वरीशेजारी आहे. "वाचलंत का?" असं धाकटा दर वेळी विचारतो आणि मी कॉलेजातल्यासारखा "चालू आहे" म्हणतो. त्याला ते खरं वाटतं, याचाच त्रास होतो.

एकदा धो धो पावसात ते आले. मी ऑफिसात. घरात पुरुषमाणूस नसेल तर आत यायचं नाही, हाही नियमच. दोघं निथळत बाहेर उभे आणि उंबऱ्याच्या आत आई, मराठीतून रागावत. अखेर तिनं तव्यावरची थालीपिठं दारातच हातावर ठेवली. ती त्यांनी उभ्यानं खाल्ली, ठेच्यासकट. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठेचाच असेल म्हणा. पण तो दिवस सोमवारचा होता. सोमवारी सकाळी कपडे धुऊन ते घरी व्हिडिओ कॉल करतात. तेव्हा आयडाहोत रविवारची संध्याकाळ असते आणि टेबलावर सगळे जमलेले असतात.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. परवा थोरल्याची बदली झाली. धाकटा आता थोरला झालाय, टाय नीट खोचतो. सोबत नवाकोरा जोडीदार, बिल्ल्यावर अजून ओरखडाही नाही. मी जिन्यात होतो. त्यांनी शेजारची बेल वाजवली. ओबासान गोड हसून म्हणाल्या, "केक्को देस." नव्याचा चेहरा उजळला, तो बूट काढायला वाकला आणि आमच्यानं मागून हळूच त्याची कॉलर धरली.