मैदान तोट्यातच चालवा

लहान गावाच्या नगरपालिकेनं थोडा मूर्खपणा दरवर्षी नेमानं करावा, आणि तो मैदानावर करावा, असं माझं ठाम मत आहे. पाणी दिलं की पाणीपट्टी येते. गाळे बांधले की अनामत येते, भाडं येतं. मंडईत ओटा दिला की रोजची पावती फाटते. मैदान मोकळं ठेवलं तर धूळ येते, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात, फुटलेल्या काचेची भरपाई मागणारा अर्ज येतो. हे सगळं ठाऊक असूनही जी नगरपालिका मैदान राखते, तलावातलं पाणी स्वच्छ ठेवते, बागेतल्या झोपाळ्याची गंजलेली साखळी बदलते, ती व्यवहाराच्या हिशेबात वेडी ठरते. हे वेड मला थोर वाटतं, आणि ते टिकावं म्हणून हा लेख.

कायद्यानंही या कामाची सक्ती केलेली नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात बंधनकारक कर्तव्यं वेगळी आहेत आणि ऐच्छिक वेगळी. दिवाबत्ती, साफसफाई, पाणी ही बंधनकारक. बागा नि वाचनालयं ऐच्छिक. पुढे 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या 18 विषयांत बाराव्या क्रमांकावर उद्यानं, बागा, क्रीडांगणं आहेत आणि चौदाव्यावर दफनभूमी, स्मशानभूमी. स्मशानाच्या शेडसाठी सर्वसाधारण सभेत कुणाला पटवावं लागत नाही. तिथं प्रत्येकाला जायचं आहे. मैदानासाठी मात्र पटवावं लागतं, कारण सभेत बसलेल्यांचं खेळायचं वय उलटून गेलेलं असतं आणि ज्यांना खेळायचं आहे त्यांना मत नसतं. मत नसलेल्यांसाठी मतं मिळवून आलेल्यांनी पैसे खर्च करावेत, ही अपेक्षाच मुळात अव्यवहारी आहे. ती जिथं पुरी होते तिथं मी नमस्कार करतो.

हिशेब करून बघू. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. म्हणजे 130 चौरस मीटर, जवळपास 1,400 चौरस फूट. दहा बाय दहाचे गाळे काढले तर चौदा निघतात. बसस्थानकासमोर जागा असेल तर चौदाही गाळ्यांचा लिलाव एका दुपारीत उरकेल. आणि कबड्डीत दोन्ही बाजू मिळून मैदानात उतरतात तेही चौदाच. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता एकेक पोरगं एकेक गाळा अडवून उभं असतं, अनवाणी, आणि भाड्याचा एक पैसा देत नाही. व्यवहार जाणणाऱ्या माणसाला हे दृश्य सहन होत नाही, हे मी समजू शकतो. माझं म्हणणं इतकंच की त्या चौदा जणांना तिथंच राहू द्यावं.

हिशेबाची वहीसुद्धा मैदानाच्या बाजूनं बोलत नाही. नगरपालिकांनी दुहेरी नोंद पद्धतीनं हिशेब ठेवायचे ठरले, तेव्हा फुकट मिळालेल्या जमिनीची नोंद नाममात्र एक रुपयानं करायची पद्धत आली. हिशेबासाठी ती सोयीची आहे. जमिनीला काहीतरी आकडा तर लावायलाच हवा. पण दोन एकरांचं मैदान वहीत एक रुपयाचं आणि त्याच्यावरचा खर्च लाखांत, असं पान लेखापरीक्षकासमोर उघडलं की आक्षेप निघणारच. ज्या मुख्याधिकाऱ्यानं असा आक्षेप अंगावर घेऊनही पुढच्या वर्षी पाण्याच्या टँकरचं बिल मंजूर केलं, त्याचा कुठं सत्कार झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. व्हायला हवा.

मैदान म्हणजे नुसती रिकामी जागा, असा अनेकांचा समज असतो. रिकामी जागा आपोआप मैदान होत नाही आणि मैदान आपोआप रिकामं राहत नाही. पावसाळा संपला की तण काढायचं, मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी मारायचं. मग सुतळी ताणून फक्कीनं रेघा आखायच्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या पुसल्या की पुन्हा आखायच्या. खो-खोचे खांब सैल झाले की ठोकायचे. कुस्तीचा हौद असेल तर लाल माती चाळायची. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, खोऱ्यानं उकरून ती भुसभुशीत ठेवायची. ही कामं करणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो, कागदावर सफाई कामगार असतो. गावातल्या प्रत्येक पोराला तो नावानं ओळखतो, आणि बरीच मोठी माणसं त्याला नावानं ओळखत नाहीत.

त्यानं आखलेल्या रेघांवर मग सगळं गाव उतरतं. प्रचारसभा, आनंदमेळा, प्रदर्शन, महोत्सव, एखाद्या बड्या घरचं लग्न. मोठे पाहुणे येणार असतील तर हेलिकॉप्टर. प्रत्येकाचं कारण खरं असतं, कारण लहान गावात एवढी मोकळी जागा दुसरी नसते. कार्यक्रम संपतो, मांडव निघतो, आणि मैदानात मांडवाच्या खांबांचे खड्डे राहतात. त्यांत पाय मुरगळतो तो सकाळी धावायला आलेल्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीचा. तिच्यासाठी आठशे मीटरच्या चारशे मीटर करता येत नाहीत.

नियम बहुतेक ठिकाणी असतात: अनामत रक्कम भरा, मैदान पूर्ववत करून द्या. अवघड असतं ते अनामत खरोखर अडवून ठेवणं. मांडवाचा मालक ओळखीचा, सभेचा आयोजक त्याहून ओळखीचा. अशा वेळी खड्डे मोजून, ते भरून घेऊन, खिळे नि तारा वेचून घेऊनच अनामत परत करणारा कारकून व्यवहाराच्या दृष्टीनं स्वतःचं नुकसान करून घेत असतो. बदलीची वेळ आली की त्याच्या बाजूनं कुणी उभं राहत नाही. पण मैदान टिकलं असेल तर ते त्याच्या हट्टामुळं टिकलेलं असतं. वर्षातले ठरावीक दिवसच मैदान भाड्यानं द्यायचं, असा ठराव करून तो पाळणारी नगरपालिका तर उत्पन्न दारात आलेलं परत पाठवते. हा मूर्खपणा मला सगळ्यांत जास्त आवडतो.

जलतरण तलाव म्हणजे या वेडाचं टोक. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते भरलं की काम संपलं असं नाही. ते गाळत राहावं लागतं, क्लोरिन मोजावं लागतं, सामू 7.2 ते 7.8 च्या दरम्यान राखावा लागतो. पोहायला दोनशे माणसं आली काय नि दोन आली काय, पंप तेवढाच चालतो आणि विजेचं बिल तेवढंच येतं. शिवाय काठावर जीवरक्षक हवा. दिवसभर काहीही घडलं नाही हीच त्याची कामगिरी, आणि काहीही न घडण्याचं बिल मंजूर करायला कुणाचाही हात अडखळतो. म्हणून कितीतरी गावांतले तलाव उद्घाटनानंतर काही उन्हाळे चालतात आणि मग तळाशी वाळलेली पानं नि फुटक्या फरशा घेऊन पडून राहतात.

ज्या गावात तो चालू आहे तिथं महिलांची बॅच असते, आणि सुरुवातीला तिथं फारसं कुणी येत नाही. व्यवहार सांगतो, बंद करा, ती वेळ पुरुषांना द्या, फी तरी वाढेल. मुलगे पिढ्यान्‌पिढ्या विहिरीत शिकले. कंबरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून काकानं ढकलून दिलं की हातपाय आपोआप हलायचे. मुलींना विहिरीकडे पाणी आणायला धाडलं जायचं. त्यामुळं महिलांच्या बॅचला पहिल्या वर्षी दोघीतिघी आल्या तर तेवढ्यांसाठी पावणेपाच लाख लिटर पाणी राखावं आणि बाई प्रशिक्षक नेमावी, असं मी अगदी गंभीरपणे म्हणतो. गर्दी व्हायला वेळ लागतो. आई आधी काठावर बसून बघते, मग लेकीला पाठवते, आणि जमलं तर एक दिवस स्वतः उतरते.

हे सगळं कुणाला समजत नाही अशातला भाग नाही. पैसा ज्या वाटेनं येतो ती वाटच वेगळी आहे. योजनेतून बांधकाम मिळतं. कुंपणाची भिंत, प्रवेशद्वार, प्रेक्षागॅलरी, पेव्हर ब्लॉक, ओपन जिमची रंगीत यंत्रं, या सगळ्यासाठी कुठला ना कुठला निधी असतो आणि प्रत्येकाला कोनशिला लावता येते. माळ्याचा पगार, पहारेकरी, नळाचा वायसर, बेअरिंगला ग्रीस, जाळं, बल्ब यांच्यासाठी नगरपालिकेला स्वतःच्या तिजोरीत हात घालावा लागतो, आणि ‘क’ वर्गाच्या नगरपालिकेची तिजोरी पगार नि वीजबिल भागवतानाच तळ दाखवते. म्हणून आपल्याकडे खेळाच्या इमारती आहेत आणि त्यांना कुलपं आहेत. किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस संध्याकाळी पाचला घरी जातो, आणि मुलांना खेळायला वेळ मिळतो तो पाचनंतर. मला निवड करायला सांगितली तर मी प्रेक्षागॅलरी सोडेन आणि रात्री नऊपर्यंत थांबणारा एक माणूस मागेन.

आता नवी सूचना ऐकू येते: मैदानाचा एक तुकडा ठेकेदाराला द्या, तो हिरवं टर्फ टाकील, जाळी लावील, दिवे लावील, तासावर भाडं घेईल, पालिकेला घरबसल्या रक्कम मिळेल. टर्फ खासगी जागेवर जरूर असावं. तिथं खेळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. सार्वजनिक मैदानावर मात्र त्या जाळीच्या बाहेर कोण उरतो ते पाहावं. बाहेर उरतो वीटभट्टीवरचा मुलगा, हॉटेलात कप विसळणारा मुलगा, आणि दोर घेऊन आलेल्या चार मुली, ज्यांच्या खेळाला तासाचा दर लावताच येत नाही. मैदान फुकट असतं तेव्हा व्यापाऱ्याचा आणि हमालाचा मुलगा एकाच पाटीवर येतात आणि कप्तान जो असेल तो दोघांना शिव्या घालतो. गावात हे घडण्याची दुसरी जागा मला दाखवा.

या वेडाला मोठी परंपरा आहे. कोल्हापूर 1901 च्या जनगणनेत पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं गाव होतं. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले, आणि 1912 साली कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. चहूबाजूंनी उतरत्या बैठका, मधे आखाडा, शेवटच्या ओळीतल्या माणसालाही डाव दिसावा अशी रचना. एवढ्याशा गावाला एवढं मोठं मैदान कशाला, हा प्रश्न विचारणारे शहाणे तेव्हाही असणारच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गावाकडच्या मातीत कुस्ती शिकले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि परत आल्यावर कुस्त्या लढवून ते कर्ज फेडलं. घर गहाण टाकताना पदक कुणालाच दिसत नव्हतं. मला खर्डेकरांचा तो निर्णय पदक आलं नसतं तरी तेवढाच योग्य वाटला असता.

मूर्खपणा जसा टिकवावा लागतो तसा शहाणपणा टिकवावा लागत नाही. तो नुसती वाट बघतो. विकास आराखड्यात हिरव्या रंगानं दाखवलेलं क्रीडांगणाचं आरक्षण कायमचं नसतं. नगररचना अधिनियम 1966 चा, त्याचं कलम 127. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेनं जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण संपतं. मालकाचा हा हक्क न्याय्य आहे. कुणाची जमीन पैसे न देता जन्मभर अडकवून ठेवणं हा अन्यायच. दोष त्या कार्यालयाचा, जिथं नोटीस आवक होते, क्रमांक पडतो आणि मुदत संपेपर्यंत फाइल कपाटात राहते. कधी त्यामागं पैशांची टंचाई असते, कधी आळस, आणि कधी सगळं नीट ठरवलेलं असतं.

म्हणून माझी विनंती शिक्षकांना, तालमीच्या वस्तादांना, निवृत्त तलाठ्यांना, ज्यांना नकाशा वाचता येतो त्या सगळ्यांना आहे. आपल्या गावाचा आराखडा कधी अंमलात आला ती तारीख शोधा. क्रीडांगणांची आरक्षणं किती, त्यांतली ताब्यात किती, नोटिसा कुणाकुणाच्या आल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आरक्षण बदलाची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. हरकती नि सूचनांची मुदत तिच्यातच लिहिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा, आणि जाताना खेळणारी चार पोरं सोबत न्या. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास ठरतं. त्याच्या आधी जानेवारीत नगरसेवकाच्या घरी जाऊन तीन गोष्टी मागा: मैदानाला पाणी, दिवे, आणि रात्री नऊपर्यंत एक माणूस. यातून पालिकेला उत्पन्न काय, असं तो विचारील. काही नाही, असं स्पष्ट सांगा आणि तरीही मागा.