गेला तो हिशेबात गेला

डॉसच्या जमान्यातला टर्मिनल प्रोग्राम फाइल पाठवता पाठवता कोसळला, की पहिला संशय केबलवर. केबल बिचारी बाहेर लोंबकळत असते. ती हलवून बघता येते, काढून पुन्हा खोचता येते आणि दोन्ही करताना आपण काहीतरी तांत्रिक करतोय असं वाटतं. तिच्यानंतर पाळी सिरियल पोर्टची, मग मोडेमची, मग व्हायरसची आणि काहीच सापडलं नाही तर "जुनं झालंय हो आता" हे सर्वमान्य निदान आहेच. जणू प्रोग्रामला गंज चढतो! माझं म्हणणं असं, की प्रोग्रामने जाताना पडद्यावर भागाकाराची तक्रार सोडली असेल, तर या सगळ्या मंडळींना खुशाल मोकळं करावं. फाइल नेण्याच्या श्रमाने तो गेलेला नसतो. ती आपण किती वेगाने नेतोय, हे सांगण्याच्या हौसेत गेलेला असतो.

पुरावा पडद्यावरच असतो, फक्त तो कोणी वाचत नाही. 'इंटिजर डिव्हाइड बाय झीरो' किंवा डॉसचं आपलं 'डिव्हाइड ओव्हरफ्लो'. आता फाइल पाठवताना भागाकार लागतो कुठे? वॉर्ड ख्रिस्टेन्सनने १९७७ साली केलेला एक्समोडेम घ्या. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकामागे-पुढे चार बाइटांचा सरंजाम लावायचा, त्यात शेवटी बेरजेचा एक बाइट. पलीकडच्याने बेरीज ताडून 'पोचलं' म्हणायचं. सगळा कारभार बेरजेवर. भागाकार होतो तो खिडकीच्या कोपऱ्यात, जिथे 'वेग' आणि 'बाकी वेळ' असे दोन आकडे मिरवत असतात. गेलेले बाइट भागिले लागलेला वेळ. पालखी बिनबोभाट चाललेली असते. पुढे ललकारी देणारा भालदार ठेचकाळतो आणि पडता पडता पालखीलाही घेऊन पडतो.

तो ठेचकाळतो कशाला, हे आकडेच सांगतात. एका बाइटमागे तारेवरून दहा बिट जातात. म्हणजे १२०० च्या मोडेमवर सेकंदाला १२० बाइट, आणि १३२ बाइटांच्या पहिल्या तुकड्याला १.१ सेकंद. ३०० च्या मोडेमवर तर ४.४ सेकंद, तेवढ्यात चहा होत नाही, पण आधण ठेवून होतं. हाच तुकडा १,१५,२०० च्या वेगाने पाठवला, तर साडेअकरा मिलिसेकंदांत पार. पीसीचं घड्याळ मात्र सेकंदाला १८.२ टिकटिका देतं, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत एक. तुकडा पोचला तरी घड्याळाच्या मते अजून वेळ गेलेलाच नाही. प्रोग्राम मोठ्या विश्वासाने १२८ ला शून्याने भागतो, प्रोसेसर हात वर करतो आणि खेळ खलास.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग कधीकधी नीट चालतं ते कसं? बरोबर प्रश्न आहे, आणि तोच माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार. ५५ पैकी साडेअकरा, म्हणजे साधारण पाचातून एकदा पहिला तुकडा नेमका टिकटिकीच्या सीमेवर पडतो. तेव्हा वेळ शून्य राहत नाही, आणि एकदा तो उंबरठा ओलांडला की पुढची अख्खी फाइल सुखरूप जाते. आपण केबल काढतो-लावतो, पुन्हा पाठवतो; कधीतरी ती पाचवी खेप लागते आणि श्रेय केबलला मिळतं. घराघरांतलं निम्मं हार्डवेअर-ज्ञान या पाचव्या खेपेवर उभं आहे, अशी मला दाट शंका आहे.

दुसरा आक्षेप असा, की केबल खरोखर खराब असूच शकते. असते की! पण तिच्या खोड्यांची लक्षणं वेगळी. बाइट बिघडला तर बेरीज जुळत नाही, पलीकडचा नकार देतो, तुकडा पुन्हा जातो आणि 'रिट्राय'चा आकडा चढत राहतो. सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमधून वेळेत न उचललेला बाइट हरवला, तरी शेवट तोच. फाइलमध्ये कंट्रोल-एसचा बाइट निघाला आणि त्याचा अर्थ 'थांबा' असा घेतला गेला, तर प्रोग्राम आज्ञाधारकपणे थांबून राहतो. यातलं काहीही झालं तरी तो अडतो, रेंगाळतो, फार तर कंटाळून नाद सोडतो. भागाकाराची आरोळी ठोकून कोसळत नाही.

राहिला प्रोग्रामरला मूर्ख ठरवण्याचा मोह. १२०० च्या जगात पहिला तुकडा सेकंदाच्या आत जाणं शक्यच नव्हतं. अशक्य गोष्टीसाठी कोण पहारा बसवतो? शिवाय तो एकटा नव्हता. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये एका टिकटिकीत यंत्र किती फेऱ्या मारतं ते मोजून ५५ ने भागत. पेंटियम-२ च्या काळात यंत्रं २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली आणि उत्तर सोळा बिटांत मावेना. प्रोसेसर या दुखण्यालाही शून्याने भागल्याचीच आरोळी ठोकतो, म्हणून पडद्यावर 'रनटाइम एरर २००'. शून्याने कोणी भागलंच नव्हतं! २०० मेगाहर्ट्झ आणि २०० नंबर हा निव्वळ योगायोग, पण ज्योतिष्यांनी अशा योगावर संसार चालवले आहेत.

सोर्स हाताशी असेल तर उपाय एका ओळीचा: वेळ शून्य आला तर एक धरा. सोर्स नसेल तर यंत्राला किंवा पोर्टला आवर घाला. तेव्हा एक करा. केबलला हात न लावता वेग १२०० वर आणा आणि तीच फाइल पुन्हा पाठवा. ती पोचली, तर केबल आहे तिथे राहू द्या. तिने काहीही केलेलं नाही.