लिहिणाऱ्यांची जत्रा

अटलांटा, एप्रिल

ति. आई आणि ति. नाना यांना,


फोनवर सांगायला लागलं की आई ‘जेवलात का?’वर अडते आणि नाना ‘खर्च किती आला?’वर. म्हणून सगळं लिहूनच कळवते. आम्ही नॅशव्हिलला जाऊन आलो. सोबत नागपूरकर आणि कोल्हापूरकर अशी दोन्ही बिऱ्हाडं होती. निमित्त ‘टिन पॅन साउथ’ महोत्सवाचं. नाना, हा गायकांचा महोत्सव नव्हे, गाणी लिहिणाऱ्यांचा आहे. १९९३ साली सुरू झाला, वसंतात भरतो. गावातल्या लहानमोठ्या बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी एक आणि रात्री एक अशा बैठका होतात. एकेका बैठकीला तीन-चार गीतकार असतात. त्यांची गाणी दुसऱ्याच कुणीतरी गाऊन गाजवलेली असतात. इथे ती ते स्वतः गातात, आवाज असेल तसा.

अटलांटाहून गाडीने चारेक तास लागतात. वाटेत मॉन्टईगलचा घाट आहे, आणि चॅटनूगाच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. नागपूरकरांच्या कृपेने निघायला बरोबर तासभर उशीर झाला होता, तो असा वरच्यावर भरून निघाला. कोल्हापूरकर म्हणाले, “हा देश आपल्या माणसांचा विचार करून बनवलाय.”

आई, जेवलो. नॅशव्हिलचं ‘हॉट चिकन’ प्रसिद्ध आहे. त्याची दंतकथा अशी, की प्रिन्स नावाचा एक रंगेल गृहस्थ रात्री उशिरा घरी आला, म्हणून त्याच्या बाईने सूड म्हणून कोंबडीत मिरचीचा मारा केला. त्याला ती इतकी आवडली की त्याने दुकानच काढलं. कोल्हापूरकरांनी “हे काय तिखट करणार!” म्हणत सगळ्यात वरची पायरी मागवली आणि पुढचा तासभर ते एकही शब्द बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, लग्नानंतर अशी शांतता पहिल्यांदाच लाभली. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी ‘मीट अँड थ्री’ची खाणावळ होती. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. मांस वगळून नुसत्या भाज्या मागितल्या, तर यादीत चीज घातलेली मॅकरोनी होती. टेनेसीत तिला भाजी म्हणतात. धाकटीने आता घरी तोच कायदा लागू करा म्हणून धरणं धरलंय.

आता मुख्य गोष्ट. महोत्सवातलं सगळ्यात मानाचं ठिकाण ब्लूबर्ड कॅफे. डोळ्यांपुढे भव्य नाट्यगृह आणू नका. दुकानांच्या एका साध्या रांगेत नव्वदएक खुर्च्यांची खोली आहे ती, १९८२ सालापासूनची. तिकिटं निघाली की हातोहात संपतात. पण तुमच्या जावयांची बोटं तत्काळ आरक्षणात घडलेली आहेत, मिळवलीच त्यांनी. गीतकार मंचावर न बसता खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि भोवती आपण. पाळीपाळीने एकेक गाणं, आणि गाण्याआधी ते कसं सुचलं त्याची कथा. ही गोल बैठकीची रीत तिथे १९८५ साली सुरू झाली. मला एका गीतकाराची पाठ आणि टक्कल दिसत होतं. गाणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं, कारण इथला मुख्य नियम ‘शूऽऽ’. गाणं चालू असताना बोलायचं नाही.

हा नियम आपल्या मंडळींना किती पेलणार? एका पांढऱ्या दाढीवाल्याने आपल्या वडिलांच्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरवरचं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला अशी काही कलाटणी होती, की नागपूरकरांच्या तोंडून “वाऽऽ! क्या बात है!” निघून गेलं. अख्खी खोली वळली. आपल्याकडे कडव्याच्या मध्ये दाद दिली नाही तर गाणाऱ्याला वाटतं श्रोते झोपले. इथे टाळ्या शेवटीच. पण दाढीवाल्याने मान वर केली, हसला, आणि तीच ओळ पुन्हा म्हटली! नंतर नागपूरकरांनी त्याला सांगितलं, की आमच्या या वहिनींचं माहेर मिरज, तिथे सतारमेकर गल्लीत तानपुरे बनतात. त्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला. मी काही न बोलता तो गल्लीच्या वतीने स्वीकारला.

नाना, तुम्ही रेडिओ लागला की ‘गीत कोणाचं?’ म्हणून सगळ्यांना गप्प करायचात. निवेदकाने नाव गाळलं तर दिवसभर धुसफुसायचात. इथल्या रेडिओवर गायकाचं नाव सांगतात, लिहिणाऱ्याचं सहसा नाही. पण गंमत ऐका. रेडिओवर गाणं वाजलं की कायद्याने पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला. गायकाला एक छदामही नाही! म्हणजे नाव त्याचं, पैसा याचा. तरी फार हुरळू नका. १९०९ च्या कायद्याने रेकॉर्डच्या प्रतीमागे गाण्याला २ सेंट ठरवले, ते १९७८ पर्यंत तेवढेच राहिले. आपल्याकडे तर २०१२ साली कायदा बदलेपर्यंत बहुतेक गीतकार एकरकमी पैसे घेऊन हात झाडून घरी जात. त्या बदलासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते, तेव्हा तुम्ही पेपर वाचून आईला चहा दुसऱ्यांदा टाकायला लावला होतात.

दुसऱ्या दिवशी ‘म्युझिक रो’वर फिरलो. प्रकाशकांच्या कचेऱ्या असलेली झाडीतली आळी. एखादं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं की तिथे फलक लागतात, आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखे. फरक एवढाच, की त्यावर लिहिणाऱ्यांची नावं असतात आणि खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस फोटो नसतात.

इथेच जावयांना डॉन श्लिट्झची गोष्ट कळली आणि घोटाळा झाला. हा माणूस व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीला कॉम्प्युटर सांभाळायचा. विशी ओलांडून दोन-तीनच वर्षं झाली असताना त्याने ‘द गॅम्बलर’ लिहिलं. १९७८ मध्ये केनी रॉजर्सने ते गायलं आणि जगभर गाजलं. ब्लूबर्डची गोल बैठक सुरू करणाऱ्या चौघांतलाही तो एक. आता तुमचे जावईही कॉम्प्युटरवाले, त्यांनाही रात्रपाळी. त्यांनी एवढाच धागा पकडला. परत आल्यापासून रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तरी हे ‘ढगा’ला यमक शोधत बसलेले असतात.

थोरला गिटार शिकतो, त्याला तिथली आकड्यांची पद्धत फार आवडली. स्वरांच्या जुळण्यांना नावं न देता क्रमांक देतात, १, ४, ५ असे. गायकाचा आवाज खाली असो की वर, कागद तोच राहतो, फक्त पट्टी बदलायची. नागपूरकरांनी लगेच पेटीवाल्यांच्या ‘काळी एक, पांढरी चार’चा हिशेब त्याला सांगायला घेतला. त्यांचे ते आकडे आणि याचे आकडे यांचा मेळ काही बसेना. शेवटी दोघांनी आइस्क्रीमवर तडजोड केली.

एक रिवाज मात्र मला मनापासून पटला. इथले गीतकार एकटे क्वचितच लिहितात. कचेरीत जावं तसे सकाळी ठरल्या वेळी दोघं-तिघं एका खोलीत जमतात आणि दुपारपर्यंत गाणं उभं करतात. मग वाटणी सारखी. शब्द कोणी किती दिले, चाल कोणी गुणगुणली, हे मोजत बसत नाहीत. खोलीत होता ना? मग तुझा वाटा.

नाना, गल्लीच्या गणपतीसाठी तुम्ही दरवर्षी पद लिहिता आणि मंडळ तुमचं नाव न घेता ते गातं, याचा तुम्हाला राग येतो. यंदा अध्यक्षांना ठणकावून सांगा, ध्वनिक्षेपकावर गीतकाराचं नाव घेतल्याशिवाय पद म्हणायचं नाही. त्यांनी कुरकुर केली तर माझं हे पत्र दाखवा. पण अख्खं दाखवा. कारण तुम्ही ओट्याजवळ वही घेऊन बसता तेव्हा प्रत्येक पदाची चाल पोळ्या लाटता लाटता आई लावते, आणि दर खेपेला ‘इथे एक मात्रा जास्त होतेय’ म्हणून तुमचा शब्दही बदलते. नॅशव्हिलच्या रिवाजाने अर्धा वाटा तिचा. त्यामुळे ध्वनिक्षेपकावर नावं दोन, आणि मंडळाने नारळ-शाल दिली तर शाल तिची.

तुमची,
बेबी

ता. क. जावयांना ‘ढगा’ला यमक हवंय. नाना, कृपा करून सुचवू नका.