दिवे मंदावले? मग सगळं ठीक आहे

डिझेल पिकअपमधला इनटेक एअर हीटर ही मोठी उफराटी वस्तू आहे. तो धडधाकट असतो तेव्हा गाडी आजारी असल्यासारखी वागते. हेडलाइट मंदावतात, व्होल्टमीटरचा काटा खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. आणि हीटर मेलेला असतो तेव्हा तोच काटा सज्जनासारखा एका जागी उभा राहतो. मालक त्या काट्याकडे समाधानाने बघतो आणि गाडी सुरू का होत नाही म्हणून सेल्फ बदलायला काढतो.

हे सगळं घडतं ते मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, विनिपेग अशा ठिकाणी, जिथे जानेवारीच्या सकाळी पारा शून्याखाली पंचवीस अंशांवर बसलेला असतो आणि माणसाला तरीही कामावर जायचं असतं. तिथे दारात उभी असते डॉजची रॅम पिकअप, आणि तिच्या पोटात कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन. १९८९च्या मॉडेलपासून ५.९ लिटरचं हे इंजिन रॅममध्ये बसू लागलं. पुण्याला कमिन्स हे नाव काही नवं नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली स्थापन झाली, कोथरूडला कारखाना उभा राहिला, पुढे कर्वेनगरातल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही हेच नाव मिळालं. त्यामुळे मिनेसोटात स्थायिक झालेला कोथरूडकर शेजाऱ्याच्या ट्रकवर ही अक्षरं वाचतो, तेव्हा या इंजिनावर मत देण्याचा वंशपरंपरागत हक्क आपल्याकडे आहे अशी त्याची खात्री पटते. शेजाऱ्याने विचारलेलं नसतं. तो सांगतो.

आणि त्याला सांगता येण्यासारखं असतंही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तीत डिझेल फवारताच आपोआप पेट घ्यावा, एवढंच त्याचं तत्त्व. कमिन्समध्ये हवा जवळपास सतरापट दाबली जाते. पण रात्रभर गारठलेलं लोखंड दाबलेल्या हवेतली बरीचशी उष्णता आधी स्वतःच गिळतं, आणि डिझेल न पेटता तसंच धूर होऊन बाहेर पडतं. महाराष्ट्रात मॅटाडोर किंवा ट्रॅक्स चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरला ‘आधी हीटर, मग सेल्फ’ हा क्रम शिकवावा लागत नाही. मात्र त्या गाड्यांत सिलिंडरागणिक एकेक ग्लो प्लग असायचा. कमिन्सवाल्यांनी ते टाळलं. आत येणाऱ्या हवेच्या वाटेवरच त्यांनी पातळ पट्ट्यांची नागमोडी जाळी बसवली आणि हवा तिथेच गरम करून घेतली.

जाळ्या दोन. प्रत्येकीला सुमारे ९५ अँपिअर लागतात, दोघींना मिळून १९०. बारा व्होल्टने गुणलं की दोन किलोवॅटच्या वर आकडा जातो. म्हणजे बाथरूममधला गीझर गाडीच्या बॅटरीवर लावल्यासारखंच झालं. दोन बॅटऱ्या उगाच दिलेल्या नाहीत.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं; कडाक्याच्या थंडीत हे थांबणं अर्ध्या मिनिटापर्यंत जातं. हे अर्धं मिनिट माणसाच्या स्वभावाची परीक्षा घेतं. फोन हातात घेऊन अर्धा तास सहज घालवणारा माणूस या दिव्यासमोर वीस सेकंदही टिकत नाही. सेल्फ मारतो, इंजिन खोकतं, तो पुन्हा सेल्फ मारतो, आणि मग दोष कंपनीला देतो.

गाडी सुरू झाली तरी हीटरचं काम संपत नाही. धूर कमी व्हावा म्हणून तो बराच वेळ चालू-बंद होत राहतो, आणि काट्याचा नाच सुरू होतो तो इथेच. अनेक सोन्यासारखे अल्टरनेटर या नाचापायी भंगारात गेले आहेत. नवा बसवला तरी काटा नाचतोच, म्हणून बॅटऱ्या बदलतात, दोन्ही. स्पेअर पार्टवाल्याला थंडी का आवडते ते यावरून कळावं. बरं, मिस्त्रीला दाखवावं म्हटलं तर गाडीने ताशी तीसेक किलोमीटरचा वेग घेतला की हीटर आपोआप बंद होतो, त्यामुळे गॅरेज येईतो काटा शहाण्यासारखा स्थिर झालेला असतो. गॅरेजही गरम असतं. तिथे रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी एका सेल्फमध्ये उठते, कारण गरम हवेत हीटरला चालू व्हायचंच नसतं. मिस्त्री हात पुसत म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही. मालकाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव असतात ते फक्त डॉक्टरसमोर ताप उतरलेल्यांनाच माहीत!

त्यात एकाच ट्रकमध्ये हीटर तीन. एक केबिनमधला, पाय शेकणारा. दुसरा ब्लॉक हीटर, इंजिनातलं पाणी गरम करणारा. त्याची वायर समोरच्या जाळीतून बाहेर लोंबत असते आणि घरच्या प्लगला जोडायची असते. अलास्कातल्या फेअरबँक्सला तर पार्किंगमध्येच त्यासाठी प्लगचे खांब असतात. तिसरा हा हवेचा. ‘हीटर चालतोय का?’ या प्रश्नाला ‘मस्त, पाय अगदी गरम होतात’ असं उत्तर आलं की समजावं, तपासणी लांबणार.

तपासणीत खरा साक्षीदार असतो धूर. सेल्फ नीट फिरतोय, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघताहेत आणि इंजिन उठत नाही, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. संशय हीटरवर घ्यावा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. थंडीने त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबला असण्याचा संभव मोठा, आणि तिथे हीटर निर्दोष आहे.

मग बॉनेट उघडायचं. बॅटरीजवळ दोन जाडजूड रिले असतात. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून कान द्यावा. ‘टक’ ऐकू आलं तर कंप्युटरचा हुकूम पोहोचला. पण ‘टक’ म्हणजे करंट नव्हे. रिलेच्या एका बोल्टवर बारा व्होल्ट आणि पलीकडच्या बोल्टवर शून्य असेल, तर आतले संपर्क जळालेले आहेत. कधी रिले ठणठणीत असतो आणि केबलच्या टोकाशी हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. नटाला पाना लावला की तो पाव आटा सहज फिरतो, म्हणजे इतके दिवस सैलच होता. तारेच्या ब्रशने टोक घासून नट आवळला की काटा पुन्हा नाचू लागतो.

हौशी माणूस मात्र आधी मल्टिमीटर काढतो आणि जाळीचा ओहम मोजायला बसतो. जाळीचा रोध भरतो ओहमच्या जेमतेम आठव्या भागाइतका. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवू शकतात. इथे क्लॅम्प मीटर हवा. केबलभोवती लावला आणि दोन्ही जाळ्यांचे मिळून १९०च्या आसपास अँपिअर दिसले तर प्रश्न मिटला. निम्मेच दिसले तर एक जाळी संपावर आहे. काहीच नाही आणि रिलेही गप्प, तर हवेचं तापमान सांगणारा सेन्सर बघावा. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीत स्कॅनरवर तो जर पंचवीस अंश दाखवत असेल, तर गाडी आपल्या मते गोव्यात आहे. हीटर कशाला लावेल? नव्या गाड्या पी २६०९ असा कोडही देतात. त्याचा अर्थ हीटर यंत्रणेचं काम समाधानकारक नाही एवढाच. कुणाचं नाव घेतलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र विनोदात घेण्यासारखी नाही. गाडी उठत नाही म्हणून इनटेकमध्ये ईथरचा फवारा मारायचा नाही. आत जाळी लाल झालेली असते, आणि तिच्यावर ईथर पडला तर स्फोट होतो.

दुसरं दुखणं २००७ नंतरच्या ६.७ लिटरच्या इंजिनांचं. जाळीला वीज पोहोचवणारा बोल्ट हवेच्या वाटेतच असतो. वर्षानुवर्षं तापून-निवून तो झिजतो, नट सुटतो आणि थेट इंजिनात जातो, बहुतेकदा सहाव्या सिलिंडरमध्ये. रुपयाभराचा नट, आणि इंजिन नवं! या धास्तीने कित्येकजण हीटरच काढून टाकतात. टेक्सासात ते खपतं. मिनेसोटात हाच मालक पुढच्या जानेवारीत पुन्हा सेल्फ बदलत बसलेला दिसतो. २०२१च्या अखेरीला कंपनीने २०२१ आणि २०२२ मॉडेलच्या सव्वा लाखाहून अधिक रॅम परत बोलावल्या, कारण या हीटरचा रिले तापून आग लागण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत ट्रक घरापासून दूर, उघड्यावर उभा करा, असा सल्ला मालकांना मिळाला. म्हणजे थंडीशी लढणाऱ्या यंत्रापायी ट्रक ऐन थंडीत बाहेर!

ज्यांच्याकडे ६.७ आहे त्यांनी तो बोल्ट एकदा उघडून बघावा, आणि सप्टेंबरातच बघावा. जानेवारीत मिस्त्रीकडे नंबर लागत नाही.