दिल्ली, चहाच्या आत

दिल्ली उभी राहायला हजारेक वर्षं लागली. सहलवाले ती संध्याकाळच्या चहाआधी उरकतात.

कुतुबमिनार ७३ मीटर उंच, पण वेळ वीस मिनिटं. त्यातली निम्मी स्वच्छतागृहाच्या रांगेत, उरलेली मिनाराचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो काढण्यात. शेजारचा लोखंडी खांब दीड हजार वर्षं जवळपास न गंजता उभा आहे. त्याला पाठ टेकून उलटी मिठी मारणाऱ्यांची एवढी झुंबड व्हायची, की अखेर कुंपण घालावं लागलं. इंडिया गेट बसच्या खिडकीतूनच 'झालं'.

लाल किल्ल्यात मात्र आपली मंडळी सावरून बसतात. दिवाण-ए-खासमधलं मयूरासन नादिरशहाने १७३९ साली नेलं, हे ऐकताना सगळे हळहळतात. "लुटारू मेला!" पुढच्याच वाक्याला गाईड सांगतो, याच दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवलं. लगेच माना ताठ. तो नेतो ती लूट, आपण उतरवतो तो फौजेचा खर्च! (खर्च होताच म्हणा, दाणागोटा संपत आला होता आणि पानिपत काही महिन्यांवर होतं.)

"मग आता वर काय आहे?" एका काकांनी विचारलं.

"लाकूड."

काकांनी मोबाइल खिशात टाकला. तोवर काकूंनी चांदणी चौकातल्या साड्यांसाठी ड्रायव्हरकडून दीड तास मंजूर करून घेतला होता, एवढा वेळ त्या दिवशी शहाजहानलाही मिळाला नाही.